आतड्याचं वय ७३, माझं वय ६६ : या अहवालात तथ्य किती?

हिरवी पेन्सिल

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझं वय ६६. मुलाने हौसेने माझ्या आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी करून घेतली. घरी एक डबी आली, शौचाचा नमुना त्यात भरून पाठवला आणि काही आठवड्यांनी रंगीबेरंगी अहवाल हातात पडला. पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरांत 'तुमच्या आतड्याचं वय ७३'. खाली लाल पट्टी : विविधता कमी. हिरवी पट्टी : अकरमान्सिया नावाचे जिवाणू उत्तम. एश्चेरिशिया नावाच्या गटापुढे उद्गारचिन्ह. आणि शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या कॅप्सुला, तीन महिन्यांचा कोर्स. ते पान मात्र सगळ्यात सुबक होतं.

मला मधुमेह आहे. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, शिवाय सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी. चालणं नियमित, पण पोट साफ होण्याची तक्रार कायमची. याउलट माझी आई ९१ वर्षांची. घरखर्चाचा हिशेब अजून तोंडी करते आणि जिना माझ्या आधी चढते. तिचीही तपासणी करू या असं मुलगा म्हणाला, तेव्हा तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की विषयच संपला.

तर विचारायचं असं की आतड्यातल्या जिवाणूंचा आणि धडधाकट म्हातारपणाचा खरोखर संबंध आहे का? असला तर हे ७३ म्हणजे काय? कॅप्सुला सुरू करू का? आणि मुलगा म्हणतो तसं सहा महिन्यांनी पुन्हा नमुना पाठवण्यात काही अर्थ आहे का?

सूर्यफूल

मी गेल्या वर्षापासून प्रोबायोटिक घेतोय. पोट हलकं वाटतं, झोपही सुधारली. नैसर्गिकच तर आहे, अपाय काय होणार? बिनधास्त सुरू करा.

विनाहवा

हिरवी पेन्सिल, तो अहवाल आधी मिटून कपाटात ठेवा. मग बोलू.

मी डॉक्टर नाही. नोकरीची सगळी वर्षं जिवाणूंच्या प्रयोगशाळेत गेली आणि त्यातली बरीचशी प्राणवायूचं वावडं असलेल्या जिवाणूंच्या सेवेत, म्हणून हे टोपणनाव. औषधांबद्दल सल्ला देणं माझं काम नाही. पण शौचाच्या नमुन्यांबद्दल बोलायचा हक्क मी कमावलाय.

'आतड्याचं वय' काढायची रीत अशी : पुष्कळ लोकांच्या नमुन्यांतले जिवाणू मोजायचे, त्या लोकांची खरी वयं संगणकाला सांगायची, कुठले जिवाणू कुठल्या वयात जास्त दिसतात हे त्याने शिकायचं आणि मग तुमच्या नमुन्यावरून तुमचं वय ओळखायचं. हा अंदाज काही वर्षांनी चुकणं अगदी सामान्य आहे. कंपनी त्याच चुकीला तुमच्या तब्येतीचा निकाल म्हणून छापते. अंदाज सात वर्षांनी चुकला, एवढंच तुम्हाला नक्की कळलंय. तुम्ही सात वर्षांनी जास्त म्हाताऱ्या झालात, हे कुणीही दाखवलेलं नाही.

नमुन्याचंही तसंच. शौचातले जिवाणू आणि आतड्याच्या अस्तराला, तिथल्या चिकट श्लेष्माच्या थराला धरून राहणारे जिवाणू यांत बराच फरक असतो. घराबाहेर ठेवलेल्या कचऱ्यावरून आतल्या माणसांचे स्वभाव ओळखावेत, तसला हा प्रकार. काही अंदाज बरोबर येतात, पण काहीच. त्यात मल आतड्यात किती वेळ राहिला यावरही जिवाणूंचं प्रमाण बदलतं. तुम्हाला बद्धकोष्ठ आहे म्हणता, म्हणजे तो सगळा हिशेब आधीच सरकलेला.

आता तुमच्या गोळ्या. २०१५ साली डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधल्या लोकांचे जिवाणू तपासणारा एक मोठा अभ्यास आला. त्याआधी 'मधुमेही माणसाचे जिवाणू असे असतात' म्हणून जे सांगितलं जाई, त्यातला मोठा भाग मधुमेहाचा नव्हताच, मेटफॉर्मिनचा होता. या गोळीने एश्चेरिशिया वाढतात. अकरमान्सियाही वाढतात. म्हणजे तुमच्या अहवालातलं उद्गारचिन्ह आणि हिरवी पट्टी, दोन्ही बहुधा एकाच गोळीची देणगी! एकाबद्दल घाबरायचं आणि दुसऱ्याबद्दल पाठ थोपटून घ्यायची, असं त्यांना का वाटलं ते त्यांनाच ठाऊक.

पित्ताची गोळी जठरातलं आम्ल कमी करते. तोंडातून रोज गिळले जाणारे असंख्य जिवाणू एरवी त्या आम्लात मरतात. आम्ल कमी झालं की त्यातले पुष्कळसे खाली जिवंत पोचतात, आणि ही गोळी घेणाऱ्यांच्या शौचात तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस जास्त सापडतात. हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत हजारावर औषधं आतड्यातल्या चाळीस जिवाणूंवर तपासली गेली (२०१८ ची गोष्ट). अँटिबायोटिक नसलेल्या, माणसाच्याच पेशींसाठी बनवलेल्या औषधांपैकी २४ टक्क्यांनी निदान एका तरी जिवाणूची वाढ रोखली. वय वाढतं तशा गोळ्याही वाढतात. त्यामुळे जिवाणूंमधला बदल म्हातारपणाचा किती आणि औषधाच्या डब्याचा किती, हे वेगळं काढणं भल्याभल्यांना जड जातं. चार पट्ट्या रंगवणाऱ्या संगणकाला ते जमलं असेल असं मला वाटत नाही.

सूर्यफूल, तुम्हाला बरं वाटतंय त्याचा आनंदच आहे. पण 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे पटत नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या लोकांनी २०१८ मध्ये अँटिबायोटिक घेतलेल्या माणसांना नंतर प्रोबायोटिक दिलं. अपेक्षा अशी की गाडी लवकर रुळावर येईल. झालं उलटंच. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचे मूळचे जिवाणू आधी परतले आणि कॅप्सुलावाल्यांचे रखडले.

हिरवी पेन्सिल

बापरे, म्हणजे त्या अहवालातून मेटफॉर्मिनचीच ओळख पटली म्हणायची. मुलाला हे सगळं वाचून दाखवलं, तो जरा खट्टू झाला. पण मूळ प्रश्न तसाच राहिला की. जिवाणूंचा म्हातारपणाशी संबंध आहे की नाही? की तीही जाहिरातच?

विनाहवा

नाही, संबंध आहे. भक्कम आहे. फक्त तो पट्ट्यांत मावत नाही.

एक प्रयोगशाळेतली गोष्ट सांगते. प्राणवायू न चालणारे जिवाणू वाढवायला पारदर्शक बंद पेटी असते. तिला पुढे दोन लांब रबरी हातमोजे जोडलेले असतात, त्यांत हात घालून आत काम करायचं. आत नायट्रोजन, थोडा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. जिवाणूंच्या खाद्यद्रवात रेझाझुरिन नावाचं रंगद्रव्य मिसळलेलं असतं. प्राणवायू नसला की ते बिनरंगी राहतं, जरासा शिरला की गुलाबी होतं. फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी नावाचा एक जिवाणू आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या आतड्यात तो भरपूर असतो, पण बाहेरच्या हवेत काही मिनिटांत मान टाकतो. नळीच्या वरच्या काठाशी गुलाबी कडा दिसली की माझ्या पोटात गोळा यायचा. आणि पेटीत सगळं नीट चाललंय हे वासावरून कळायचं. खवट लोण्यासारखा वास, कपड्यांना चिकटून घरापर्यंत येणारा. तो वास ब्युटिरिक आम्लाचा.

हे आम्ल, म्हणजे ब्युटिरेट, तुमच्या प्रश्नाच्या मध्यभागी आहे. आपल्याला न पचलेले तंतुमय पदार्थ मोठ्या आतड्यात पोचतात, जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यांना लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे ७० टक्के वाटा एकट्या ब्युटिरेटमधून मिळवतात. ते जाळायला प्राणवायू लागतो. तो त्या रक्तातून इतका ओढून घेतात की आतड्याच्या पोकळीत प्राणवायू जवळजवळ उरतच नाही. म्हणजे जिवाणू पेशींना खाऊ घालतात आणि पेशी जिवाणूंसाठी हवा काढून घेतात. आमची ती महागडी पेटी शरीर फुकटात चालवतं!

ब्युटिरेट कमी पडलं की अस्तराच्या पेशी कमी प्राणवायू वापरतात, तो पोकळीत झिरपतो, आणि प्राणवायू असताना व नसताना दोन्हीकडे तगणारे जिवाणू फोफावतात. एश्चेरिशियाचं कुटुंब त्यातलंच. फीकॅलिबॅक्टेरियमसारखे मागे पडतात, ब्युटिरेट आणखी घटतं. फायबर अजिबात मिळेनासं झालं तर काही जिवाणू श्लेष्माच्या थरावरच ताव मारतात. उंदरांत हे स्वच्छ दिसलंय, आणि त्या थर कुरतडणाऱ्यांत तुमची हिरव्या पट्टीतली अकरमान्सियासुद्धा होती. तिचं आडनावच म्युसिनीफिला, श्लेष्माची आवड असलेली. एरवी ती चांगल्या तब्येतीच्या लोकांत जास्त आढळते, पण उपाशी ठेवली तर घर खाते. 'चांगले जिवाणू, वाईट जिवाणू' अशी वाटणी मला म्हणूनच पटत नाही.

थर पातळ झाला आणि अस्तराच्या सांध्यांत फटी पडल्या की जिवाणूंचे तुकडे रक्तात उतरतात. रोगप्रतिकार यंत्रणा धुमसत राहते. ताप नाही, दुखणं नाही, पण कायमचा मंद दाह. म्हातारपणात दिसणाऱ्या या दाहाला क्लाउडियो फ्रांचेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने २००० साली 'इन्फ्लमेजिंग' म्हटलं. हृदयविकार, मधुमेह, स्नायू झिजणं, स्मृती मंदावणं, या सगळ्यांच्या मागे कमीअधिक प्रमाणात तो सापडतो.

यात आधी कोण, जिवाणू की म्हातारपण? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१७ मध्ये याचा छान प्रयोग केला. जन्मापासून एकही जिवाणू नसलेले उंदीर म्हातारे झाले तरी त्यांच्यात वयानुसार होणारी दाहाची वाढ दिसली नाही. मग असे जंतुरहित उंदीर काहींना तरुण आणि काहींना म्हाताऱ्या उंदरांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे जिवाणू आपोआप पोचतात. म्हाताऱ्यांबरोबर राहिलेल्यांच्या रक्तात दाह वाढला, तरुणांबरोबर राहिलेल्यांच्या नाही. म्हणजे म्हाताऱ्या शरीरात जिवाणू बिघडतात आणि बिघडलेले जिवाणू त्या शरीराला आणखी म्हातारं करतात. दोन्ही बाजूंनी ढकलाढकली चालू असते.

तिसरी पाळी

मी वृद्धांच्या वॉर्डात नर्सिंगला आहे. पुस्तकी बोलता येणार नाही, पण जे दिसतं ते लिहितो.

दात नसतात, कवळी टोचते, मग सगळं मऊ, गाळलेलं, तेच ते. पाणी कमी पितात, कारण रात्री उठायची भीती. उठणं कमी म्हणून पोट साफ होत नाही. पोट साफ होत नाही म्हणून भूक नाही. त्यात लघवीच्या जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक. आणि मग कुणालातरी सुरू होतात ते पाण्यासारखे, उग्र वासाचे जुलाब. त्यामागचा जिवाणू क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल. ६५ च्या पुढे हा सगळ्यात जास्त छळतो. त्याचे बीजाणू हाताला लावायच्या अल्कोहोलच्या जेलने मरत नाहीत, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. नातेवाईक जेल चोळून आत येतात, त्यांना परत बेसिनकडे पाठवावं लागतं. रागावतात, पण चालायचंच.

माझ्या डोळ्यांना तरी जिवाणूंचं म्हातारपण ताटापासून सुरू होताना दिसतं.

विनाहवा

तिसरी पाळी, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ते आयर्लंडमधल्या कॉर्कच्या शास्त्रज्ञांनी मोजलं. २०१२ मध्ये १७८ वृद्धांचे नमुने. स्वतःच्या घरी राहणारे आणि दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणारे यांचे जिवाणू इतके वेगळे निघाले की दोन गट आपोआप पडले. शुश्रूषागृहातल्यांच्या जिवाणूंत विविधता कमी, आणि ती जितकी कमी तितका अशक्तपणा आणि दाह जास्त. यातला मला आवडलेला भाग असा की तिथे राहायला गेल्यावर आधी आहार बदलला आणि जिवाणू नंतर, रेंगाळत बदलले. ताट पुढे, जिवाणू मागे. तुमचं वाक्य शब्दशः.

क्लॉस्ट्रिडिओइडिसवरून जपानी शतायुषींची आठवण झाली. २०२१ साली केइओ विद्यापीठाच्या गटाने शंभरी ओलांडलेल्या १६० जणांचे नमुने तपासले, सरासरी वय १०७. त्यांच्या आतड्यातले काही जिवाणू पित्ताम्लावर (यकृतातून येणाऱ्या पाचक पित्तातलं आम्ल, जठरातलं नव्हे) प्रक्रिया करून एक वेगळंच रसायन बनवतात, आयसोॲलोलिथोकोलिक आम्ल. ते क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलला मारक ठरतं. वृद्धांना लोळवणाऱ्या जंतूविरुद्धचं हत्यार या लोकांच्या पोटातच तयार होत होतं. अर्थात ते जिवाणू होते म्हणून ही मंडळी शंभरी गाठू शकली, की शंभरी गाठणारं शरीर असं होतं की तिथे ते जिवाणू टिकले, हे या अभ्यासातून ठरत नाही. मी असते तर बातमीच्या मथळ्यात हेच छापलं असतं. कुणी छापलं नाही.

हिरवी पेन्सिल, आता तुमच्या आईंकडे येऊ. २०२१ मध्येच सिएटलच्या इन्स्टिट्यूट फॉर सिस्टिम्स बायॉलॉजीने १८ ते १०१ वयाच्या नऊ हजारांहून जास्त लोकांची माहिती अभ्यासली. वय वाढतं तसे प्रत्येकाचे जिवाणू इतरांपेक्षा वेगळे होत जातात, म्हातारपणी जणू ज्याची त्याची स्वतंत्र टोळी. बॅक्टेरॉइडिस नावाचा एरवीचा दांडगा गट कमी होतो. हा बदल धडधाकट वृद्धांत ठळक होता. ऐंशीच्या पुढच्या ज्यांच्यात तो झालाच नाही, बॅक्टेरॉइडिस भरपूर राहिले आणि वेगळेपण आलं नाही, त्यांच्यात पुढच्या चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं.

म्हणजे तब्येतीने वय वाढवणाऱ्याचे जिवाणू तरुणासारखे राहतात असं नाही, ते बदलतात. मग तुमच्या संगणकाने तुमच्या जिवाणूंत 'वय' पाहिलं, त्यात लाल रंग कशासाठी? आईंची डबी गेली नाही हे बरंच झालं. 'आतड्याचं वय ११०' असं काहीतरी आलं असतं आणि घरात उगाच कल्ला झाला असता.

ओळंबा

चर्चा वाचतोय. एक आक्षेप. जिवाणू बदलल्याने म्हातारपण बदलतं असं म्हणायचं तर तरुणांचे जिवाणू म्हाताऱ्यांत घालून दाखवा. तसं कुणी केलंय का? की सगळं नुसतं 'आढळून आलं, संबंध दिसला'?

आणि हे 'शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू' वगैरे जे सगळीकडे वाचायला मिळतं, त्यावरून मला या विषयातल्या एकूणच आकड्यांचा संशय येतो.

विनाहवा

दहापटीचा संशय रास्त. तो १९७० च्या दशकातला ठोकताळा होता. २०१६ मध्ये पुन्हा मोजदाद झाली तेव्हा जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि माणसाच्या पेशी ३० लाख कोटी निघाल्या, म्हणजे जवळपास बरोबरी. सगळ्या जिवाणूंचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास.

तरुणांचे जिवाणू घालण्याचं म्हणाल, तर केलंय. माशांत आणि उंदरांत. आफ्रिकेत पावसाळी डबक्यांत राहणारा किलीफिश नावाचा मासा आहे, काही महिन्यांतच म्हातारा होऊन मरतो, म्हणून वार्धक्याच्या अभ्यासकांचा लाडका. जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेने मध्यमवयीन माशांचे जिवाणू अँटिबायोटिकने उडवले आणि त्यांना तरुण माशांच्या आतड्यातले जिवाणू मिळतील अशी व्यवस्था केली. ते मासे जास्त जगले आणि उतारवयातही जास्त हालचाल करत राहिले. कॉर्कच्याच एका गटाने २०२१ मध्ये तरुण उंदरांची विष्ठा म्हाताऱ्या उंदरांत घातली, तेव्हा त्यांच्या शिकण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्या सुधारल्या.

माणसांत विष्ठारोपण होतं, पण ते वारंवार उलटणाऱ्या क्लॉस्ट्रिडिओइडिसच्या जुलाबांसाठी. तिथे ते उत्तम चालतं. तरुण दिसायला किंवा राहायला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता : दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारे ई. कोलाय (एश्चेरिशियातलीच एक जात) गेले आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेला एक रुग्ण दगावला. घरच्या घरी हे करून पाहणारे लोक असतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहा.

या शोधाची सुरुवातही अतिउत्साहातच झाली म्हणा. पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकॉव्ह, १९०८ च्या नोबेलचे मानकरी. मोठ्या आतड्यातल्या कुजण्यामुळे माणूस म्हातारा होतो असं त्यांचं मत होतं. बल्गेरियातल्या दीर्घायुषी शेतकऱ्यांचा दाखला देऊन ते आंबवलेल्या दुधाचा प्रचार करत आणि स्वतःही पीत. १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी गेले. त्यांचा तो लाडका बल्गेरियन जिवाणू आतड्यात फारसा तग धरत नाही हे नंतर कळलं. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता.

हिरवी पेन्सिल

सगळ्यांचे आभार. कॅप्सुला घेणार नाही, पुन्हा नमुनाही पाठवणार नाही. पण मग करू काय? मला उद्या सकाळपासून करता येईल असं सांगा. आणि त्या पित्ताच्या गोळीचं काय, बंद करून टाकू का?

विनाहवा

माणसांवर झालेल्या प्रयोगांपुरतंच सांगते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजने ६० वर्षांवरच्या जुळ्यांच्या ३६ जोड्या घेतल्या. एकाला इन्युलिनसारख्या तंतूंची पूड, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी पूड, १२ आठवडे. प्रथिनं आणि व्यायाम दोघांनाही सारखा. स्नायूंच्या ताकदीत फरक पडला नाही, खुर्चीतून उठण्याचा वेग तोच राहिला. मात्र स्मरणाच्या चाचणीत फायबरवाले पुढे गेले आणि त्यांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू वाढले. निकाल २०२४ मध्ये आले. अभ्यास लहान आहे, पण मला हा आवडतो, कारण जे झालं नाही तेही त्यांनी तितक्याच ठळकपणे सांगितलं.

दुसरा युरोपातला. पाच देशांतले ६५ ते ७९ वयाचे ६१२ लोक. काहींना वर्षभर भूमध्यसागरी धाटणीचा आहार, म्हणजे भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, ऑलिव्ह तेल. ज्यांनी तो मनापासून पाळला त्यांच्यात दाह न वाढवणारे, आम्लं बनवणारे जिवाणू वाढले आणि अशक्तपणाची लक्षणं कमी दिसली.

स्टॅनफर्डमध्ये आंबवलेले पदार्थ आणि फायबर यांची तुलना झाली, ३६ निरोगी प्रौढांत. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांत विविधता वाढली, दाहाशी संबंधित १९ प्रथिनं घटली. फायबरवाल्यांत तेवढ्या आठवड्यांत विविधता वाढली नाही. तेव्हा एकाच गोष्टीची भक्ती करू नका. दोन्ही खा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला निदान २५ ग्रॅम फायबर सांगते. तुम्ही आत्ता किती खाता ते आठवडाभर लिहून काढा, बहुतेकांना आपला आकडा पाहून धक्का बसतो. मग हळूहळू वाढवा आणि पाणीही त्याबरोबर वाढवा. बद्धकोष्ठ असताना एकदम ढीगभर कोंडा खाल्लात तर पोट फुगेल, कळा येतील आणि तुम्ही चार दिवसांत सगळं सोडून द्याल. एकाच प्रकारचा कोंडा रोज खाण्यापेक्षा कडधान्यं, शेंगा, पालेभाज्या, सालीसकट फळं, अख्खी धान्यं अशी आलटूनपालटून खा. वेगवेगळे जिवाणू वेगवेगळे तंतू मोडतात, एकटा कुणीच सगळं मोडत नाही. मधुमेह आहे, तेव्हा आहारात मोठा बदल करण्याआधी आणि केल्यावर साखर तपासत राहा.

अँटिबायोटिकची गरज असेल तेव्हा जरूर घ्या, सर्दीला मागू मात्र नका. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी तरुणांना चार दिवस तीन अँटिबायोटिक एकत्र दिली होती. दीड महिन्यात बहुतेक जिवाणू परतले, पण आधी सगळ्यांकडे असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनीही बहुतेकांत सापडल्या नाहीत. ही तरुणांची गत, म्हाताऱ्या आतड्याचं काय होत असेल!

तिसरी पाळी

यात चालणं आणि दात यांची भर घाला. चावता आलं तरच फायबर खाल्लं जातं. कवळी सैल झाली असेल तर तिच्या दुरुस्तीला आधी जा, बाकीचं नंतर.

विनाहवा

अगदी बरोबर. माझ्या डोक्यातच आलं नसतं.

पित्ताच्या गोळीचं राहिलं. ती स्वतःहून बंद करू नका. बरेच महिने घेतलेली ही गोळी एकदम थांबवली की जठर उसळून पूर्वीपेक्षा जास्त आम्ल सोडतं, काही आठवडे छातीत जाळ होतो आणि माणूस 'बघा, मला गोळी लागतेच' म्हणत पुन्हा तिच्याकडे वळतो. डॉक्टरांना सरळ विचारा : ही कशासाठी सुरू केली होती, ते कारण अजून आहे का, आणि नसेल तर टप्प्याटप्प्याने कमी करता येईल का? काहींना ती खरोखरच लागते. अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेला असेल किंवा सांधेदुखीच्या गोळ्या रोज चालू असतील, तर जिवाणूंसाठी जठर पणाला लावायचं नाही. त्याच भेटीत बी-१२ तपासायचं का तेही विचारा. मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी दोन्ही दीर्घकाळ चालू असतील तर ते कमी होऊ शकतं, आणि त्याने येणारा विसराळूपणा लोक म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात.

हिरवी पेन्सिल

गुरुवारी डॉक्टरांकडे जातेय. चारही प्रश्न कागदावर लिहून घेतलेत, बी-१२ सकट. कवळीचं आईला सांगितलं, ती म्हणते तिची घट्ट आहे, मी माझे दात बघावेत.

सूर्यफूल

माझी बाटली अजून अर्धी शिल्लक आहे. संपवू की टाकून देऊ?

विनाहवा

धडधाकट असाल तर संपवा, बहुधा काही बिघडणार नाही. नवीन आणण्याआधी तेवढेच दिवस न घेता काढा आणि झोपेत, पोटात फरक पडतो का बघा. मध्येच कधी अँटिबायोटिक सुरू झालं तर मात्र कॅप्सुला चालू ठेवायच्या की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा.